शेवटच्या अकरा ओळी

बर्गनच्या दैनिकात तोरुनबाईंनी एकतीस वर्षं परदेशी बातम्यांचं पान सांभाळलं. कुठल्या देशात कधी सत्ता उलटली हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या भाच्यांचे वाढदिवस मात्र दरवर्षी हुकायचे. हात सपासप चालायचा. मजकूर जागेत मावेना, की खालून कापायचा. महत्त्वाचं वर लिहायचं हे शेंबडं पोरही जाणतं, असं त्या वार्ताहरांना ठणकावत.

एकटा आइविन ऐकायचा नाही. बोस्नियाच्या लढाईतून तो बातम्या पाठवायचा आणि जिवाला लागलेलं नेमकं तळाशी ठेवायचा.

"अरे, वर घे की ते!" बाई फोनवर ओरडायच्या.

"वर मेलेल्यांचे आकडे असतात गं. त्यांच्या शेजारी नको वाटतं."

एका मार्चमध्ये त्याची गाडी सुरुंगावर गेली. बाईंनीच त्याच्या बायकोला घरी जाऊन सांगितलं, आणि परत येऊन पान लावलं. लोकांनी कौतुक केलं. बाईंना त्या कौतुकाची जन्मभर लाज वाटली.

त्या निवृत्त झाल्यावर एका दुपारी आइविनची मुलगी सुनिवा घरी आली. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती, आता तिशी ओलांडलेली. आई नुकतीच वारली होती. तिचं कपाट आवरताना बापाचं शेवटचं पत्र सापडलं होतं. बाईंनी कॉफी ओतली, चीज लावलेला पाव पुढे केला. तिने हातही लावला नाही. पत्र वाचून दाखवलं: "मंगळवारचा अंक जपून ठेव. शेवटी सुनिवासाठी लिहिलंय. मोठी झाली की तिला वाचायला दे."

"वाचनालयात जाऊन तो अंक काढला मी," ती म्हणाली. "बाबांच्या बातमीच्या शेवटी कुठल्याशा पुलाचं आहे. माझं काहीच नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "अकरा ओळी होत्या. ऐन वेळी जाहिरात आली. मी कापल्या."

"मूळ कागद?"

"महिन्याच्या महिन्याला रद्दीत जायचे."

"काय होतं त्यात?"

उभा जन्म दुसऱ्यांची वाक्यं घडवलेल्या बाईंना अकरा ओळी रचणं अवघड नव्हतं. आइविनची ढब त्यांना पाठ होती. त्यांनी तोंड उघडलंही. पण खोटी बातमी त्यांनी कधी दिली नव्हती.

"नाही सांगता येणार, पोरी."

"आठवत नाही?" सुनिवाने पत्राची घडी घातली. "कापण्याआधी वाचल्या तरी होत्या ना तुम्ही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मोजल्या होत्या फक्त."