सुकाने मारलेला ससा

सुका एकेकाळी पाड्यावरचा नावाजलेला शिकारी होता. पुढे तो बोईसरच्या एका कंपनीत रखवालदार झाला आणि पाड्याने त्याला चिडवायला घेतलं. म्हातारा देवू तर रोज विचारायचा, "काय रं सुका, आज गेटावर काय मारलंस? मच्छर?"

ते सुकाला फार लागलं. सुट्टीच्या दिवशी त्याने बाजारातून एक पाळीव ससा विकत घेतला. पांढराशुभ्र. वाटेत झाडीत बसून सोलला, कातडं पिशवीत कोंबलं आणि छाती काढून पाड्यात शिरला.

"रानातला हाय," तो म्हणाला.

देवू गप्प झाला. सुकाला तेवढंच हवं होतं.

शिकारीची रीत अशी, की वाटे पडताना जो येईल त्यालाही वाटा. सुकाची बायको नवसी पळसाच्या पानांवर वाटे घालत होती. तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली. नवी वनरक्षक मेघाली उतरली. बघता बघता सगळा पाडा आपापल्या घरात पसार झाला. सुकाने मात्र सवयीने आणखी एक पान मांडलं.

"या बाय. ह्यो तुमचा वाटा. मीच मारला."

मेघालीने पान बाजूला सारलं. "काका, शिकार गुन्हा आहे. माहीत नाही?"

"हाय की. वाघ मारायचा नाय, बिबट्या नाय, मोर नाय. सश्याला कोन इचारतो?"

"कायदा विचारतो. तुरुंगात जाल."

तिने मोबाईल काढला. सुका मनात हिशोब करू लागला. केस झाली की नोकरी गेली. खरं सांगावं तर नाव गेलं, कारण दाराआड देवू कान लावून उभा. शेवटी सुकाने दोन्ही हात पुढे केले.

"न्यायचं तर न्या."

नवसीला नवऱ्याच्या नावापेक्षा नोकरी प्यारी होती. तिने आतून पिशवी आणून अंगणात उलटी केली. पांढरं कातडं खाली पडलं.

"बाजारातला हाय, मॅडम. याला रानातला ससा दिसाय आधी चष्मा लागंल."

मेघालीने कातडं निरखलं. हसू कसंबसं दाबलं. "पांढरा म्हणजे पाळीवच. खा निवांत."

दारं उघडली. आधी देवूचं खोकत खोकत हसणं बाहेर आलं, मग देवू.

मेघालीने स्कूटर सुरू केली तसा सुका तिच्यामागे धावला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला,

"बाय, एखादी बारीकशी केस नाय का घालता येनार?"