स्थानिक मच्छीमाराने सांगितले

हे माझ्या बायकोला माहीत नाही. नसीम आपांना माहीत नाही. ज्याच्या माथी ते बसलं त्या रंगनाथलाही माहीत नाही — आणि तोच मला अजून होडीतून फिरवतो, अंगावर पाणी उडालं तर खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे फेकतो. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाकडे बघून हे सांगणं मला जमलेलं नाही.

मी छत्रपती संभाजीनगरात एका मराठी दैनिकात बातमीदार आहे. आमच्या कामात 'मी' नसतो. 'प्रतिनिधी' असतो, 'सूत्रे' असतात, 'परिसरातील नागरिक' असतात. इतकी वर्षं असं लिहिल्यावर 'मी' लिहायला हात अडतो. तरी लिहितो. थांबत थांबत लिहीन.

आधी बदकाविषयी सांगतो. तिथून सुरुवात करणं मला सोपं जातं.

मोठी लालसरी म्हणतात त्याला. हिवाळ्यात मध्य आशियातल्या तळ्यांवरून आपल्याकडे येतं. नराचं डोकं तांबूस-केशरी, फुगीर. चोच लालभडक, छाती काळी. मादी साधी — तपकिरी अंग, फिकट गाल. हे बुडी मारणारं बदक. पाय शरीराच्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे पाण्याखाली ते छान चालतात, पण जमिनीवर चाल फेंगडी होते. आणि या बदकाला पाण्यावरून एकदम उडता येत नाही. पंख मारत, पाण्यावर पाय आपटत, बरंच अंतर धावावं लागतं, मग कुठे ते वर उठतं. समोर मोकळं पाणी नसेल तर त्याची पंचाईत होते.

आणखी एक सवय आहे. नर बुडी मारतो, तळाचं शेवाळ तोडून वर येतो आणि ते स्वतः न खाता मादीपुढे ठेवतो. ती कधी खाते, कधी तोंड फिरवते. तो पुन्हा बुडी मारतो. घरटं उन्हाळ्यात तिकडे, हजारो मैलांवर होतं. पण ते कुणाबरोबर करायचं याचा निर्णय पुष्कळदा इथे, आपल्या पाण्यावर होतो.

हे मला पहिल्यांदा आपांनी दाखवलं. आपा शहरातल्या छावणी भागात राहतात. शाळेत विज्ञान शिकवायच्या; निवृत्त झाल्यावर दर हिवाळ्यात पैठणला, धरणाच्या जलाशयावर, नाथसागरावर जायला लागल्या. एकदा मलाही घेऊन गेल्या. नर शेवाळ घेऊन वर आला तशा दुर्बीण माझ्या हातात कोंबत म्हणाल्या, "पाहा पाहा, दावत सुरू झाली!"

होडी रंगनाथची होती. तो वल्हं न थांबवता म्हणाला, "आपा, हे आमच्या मंडळीला दावू नका बरं. घरी जाऊन मला शेवाळ आणायला लावंल."

"मग आणा की, रंगूभाऊ. तुमच्या हातचं काहीतरी खाऊ दे बिचारीला."

"खाती ना. शिव्या देऊन खाती."

मी मागे बसून हसत होतो. होडी डुलली तसा तो मला म्हणाला, "पेपरवाले, बूड हलवू नका. बातमी व्हईल तुमचीच."

आम्ही होतो तो कोपरा आमराईचा. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या एका गावाची आमराई तिथे होती. खोडं अजून तळाशी आहेत. पाणी उथळ, नितळ, शेवाळ भरपूर. लालसरींना तिथे सगळं मिळतं. आणि मासेही तिथेच दाट. त्यामुळे रंगनाथ पूर्वी तिथे जाळं लावायचा. संध्याकाळी लावायचं, सकाळी काढायचं. पाण्यातलं जाळं बुडी मारणाऱ्या बदकाला दिसत नाही. माशासारखंच तेही अडकतं. फरक इतकाच की त्याला श्वासासाठी वर यायचं असतं.

आपांची नि त्याची ओळख अशाच एका सकाळी झाली. जाळ्यात मेलेली लालसरी होती. आपा ओरडल्या नाहीत. होडीत जाऊन बसल्या आणि त्याच्याबरोबर तिचे पाय सोडवू लागल्या. पुष्कळ वेळ लागला. मग विचारलं, "भाऊ, तुम्हाला हिचा काही उपयोग?" तो म्हणाला, "काय नाय आपा. जाळंच फाटतंय उलट." त्यानंतर दिवाळीपासून होळीपर्यंत आमराईत जाळं लावायचं नाही, असं त्याने ठरवलं. कुठल्या खात्याचा आदेश नव्हता, पाटी नव्हती. आपांना दिलेला शब्द होता, बस. बाकीचे भोईही मग तिथे जाईनासे झाले — तो रंगूचा कोपरा म्हणून.

दोघांत एक स्टीलचा डबा फिरायचा. ईदला आपा त्यातून शीरखुर्मा पाठवायच्या. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून रंगनाथ त्यात बोरं, कधी हुरडा, कधी मुलीच्या हातच्या तिळाच्या वड्या घालून द्यायचा. मग आपांना तो रिकामा ठेवणं बरं वाटायचं नाही. असं चालायचं. कोण कुणाचं फेडतंय हे दोघांनाही कळेनासं झालं होतं.

मला आपांनी एकच गोष्ट सांगितली होती. "लिहा तुम्ही, जरूर लिहा. फक्त जागा लिहू नका. जागा लिहिली की दुर्बिणी येतात, दुर्बिणींच्या मागून गाड्या, गाड्यांच्या मागून भेळवाला." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो — निदान तेव्हा तरी तसंच वाटलं होतं.

आता ते सांगायला हवं. किती वेळ बदकांच्या आड लपणार?

काही वर्षांपूर्वीचा हिवाळा. लालसरी त्या वर्षी आमराईत इतक्या उतरल्या की पाणी तांबूस दिसत होतं. मी सकाळी एकटाच गेलो, काठावरून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढले आणि दुपारी कार्यालयात येऊन बातमी लिहायला बसलो. कोण, काय, केव्हा — सगळं होतं. 'कुठे' नव्हतं. नुसतं 'नाथसागरावर' लिहिलं तर ती दरवर्षीची बातमी होते, आतल्या पानावर जाते. 'आमराईच्या कोपऱ्यात' लिहिलं तर पहिल्या पानावर जाते. संपादकांनी जागा विचारली नव्हती. कुणीच दबाव टाकला नव्हता. मला ती बातमी पहिल्या पानावर हवी होती. मी जागा लिहिली. कोणत्या फाट्यावरून वळायचं, तेही लिहिलं.

मग पुढची अडचण. आपा आमचाच पेपर वाचतात. हे कुणी सांगितलं, असा प्रश्न त्यांना पडणारच. मी बातमीवर नाव घातलं नाही. आणि खाली, अशा वेळी आम्ही सगळे जे लिहितो ते लिहिलं — 'असे स्थानिक मच्छीमाराने सांगितले.' हात इतका सरावलेला होता की वाक्य आपोआप उतरलं. नाथसागराकाठी मच्छीमार काय थोडे आहेत? असं मी स्वतःला म्हणालो. पण आमराईत एकच होता. ते मला माहीत नव्हतं का?

रविवारी गाड्या आल्या. कुणी होड्या ठरवून थेट थव्यात घातल्या, कारण फोटोत बदकं उडताना हवी होती. कोपरा तिन्ही बाजूंनी बंद, तोंडाशी होड्या. लालसरी धावत राहिल्या — पाण्यावर पाय आपटत, पुढे जागा नाही म्हणून वळत, पुन्हा धावत. काही उठल्या. काही दमून बसल्या, त्यांच्यावर पुन्हा होडी गेली. संध्याकाळपर्यंत कोपरा रिकामा झाला. हे मी काठावर उभं राहून पाहिलं. त्या गर्दीत मीही एक बघ्या होतो.

आपांचा फोन आला. आवाज शांत होता. "ही बातमी कुणाची?"

मी म्हणालो, "पैठणच्या वार्ताहराची असेल."

"त्याला कुणी सांगितलं? रंगूभाऊंनी?"

इथे एक शब्द पुरला असता. 'नाही' म्हटलं असतं तरी रंगनाथ सुटला असता. मी मात्र सुटलो नसतो, कारण पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "आपा, बातमीचा स्रोत सांगता येत नाही. आमचा नियम असतो."

नियम खरा आहे. त्याच्यासाठी लोक तुरुंगात गेलेले आहेत. मी तो नियम, जो स्रोत अस्तित्वातच नव्हता, त्याच्यासाठी वापरला. आपा म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मी विचारायला नको होतं." — माझी माफी मागून त्यांनी फोन ठेवला.

त्या रंगनाथशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, तो काही तरी बोलला असता. त्या फक्त जायच्या थांबल्या. ईदला डबा गेला नाही — कारण डबा रंगनाथकडेच होता, आणि तो मागायला कुणी गेलं नाही.

आपा का येत नाहीत, हे त्याला खूप उशिरा कळलं. कुणीतरी जुना पेपर दाखवला. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा त्याने मला काठावरच गाठलं. "म्या कवा सांगितलं वो? मला तर पेपरवाला म्हणून तुम्ही एकलेच ठावं." वाटलं, समजलं याला. पण तो पुढे म्हणाला, "कुणीतरी माझं नाव लावून दिलं बघा. तुम्ही त्याच हापिसात हाय. तेवढं हुडका की. आपाला नुसतं कळाया पाहिजे, म्या नव्हतो."

मी म्हणालो, "बघतो."

तो मला चोर शोधायला सांगत होता — मला. आणि मी 'बघतो' म्हणालो. पुढचे काही महिने तो भेटला की विचारायचा, "लागला का तपास?" मी म्हणायचो, जुनी गोष्ट आहे, माणसं बदलली, अवघड आहे. दर वेळी तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "तुम्हाला बी लई काम ऱ्हातं." मग त्याने विचारणं सोडलं.

त्यानंतरच्या दिवाळीला आमराईत जाळं लागलं. मी विचारलं तेव्हा तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "शब्द आपाला दिला व्हता. ती येत नाय. मग तो ठिवू कुणापाशी?" त्याचं पाहून बाकीचेही आले.

लालसरी हळूहळू परतल्या आहेत, थोड्या. शेवाळ तिथेच आहे ना. जाळंही तिथेच आहे.

या हिवाळ्यात मी एका सकाळी त्याच्याबरोबर गेलो. त्याने जाळं ओढायला घेतलं आणि मध्येच हात हलका केला. मादी होती. फिकट गाल, मान जाळ्यात, पिसं अजून पाणी धरत नव्हती — थेंब नुसते घरंगळत होते. त्याने घाई केली नाही. एकेक धागा उचलून पाय मोकळे केले, पंख मिटवले, मग तिला होडीत, आपल्या टॉवेलावर ठेवलं. थोड्या अंतरावर एक नर पाण्यावर होता. आम्ही जवळ असूनही तो लांब गेला नाही. त्याने एकदा बुडी मारली आणि वर आला. चोचीत काही होतं का, मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी त्याचा अर्थ लावला नसता.

रंगनाथने उरलेलं जाळं होडीत ओढून घेतलं. मग म्हणाला, "आपाला सांगू नका हां हे. झोप लागायची नाय तिला."

मी म्हणालो, "नाही सांगत."

एवढं बोलून आम्ही परतलो. त्याच्या खोपीत भिंतीवरच्या खिळ्याला पिशवी लटकलेली आहे, पिशवीत तो डबा आहे. बोरांचे दिवस होते. डब्यात बोरं होती, ताजी. मी न विचारता तो म्हणाला, "दरसाल भरतो. मग पोरंच खातात." आणि हसला.

आपांचं घर माझ्या कार्यालयापासून लांब नाही. रोज येता-जाता छावणीचा रस्ता लागतो.

ती बातमी मी लिहिली. जागा मी फोडली. मला कोणत्याही मच्छीमाराने काहीही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी मी काठावर उभा राहून फोटो काढत होतो, तेव्हा रंगनाथ खोपीतून बाहेर आला होता, आणि दिवसभरात तो माझ्याशी एकच वाक्य बोलला होता —

"थंडी हाय, चहा घेता का?"