नऊ किलोमीटर पांधण आणि बारा पिशव्या

प्रिय सई आणि अर्णव,

गेल्या रविवारी फोनवर अर्णवने विचारलं, "आजी, तुझी फोर-व्हील-ड्राइव्ह तू जंगलात नेतेस का?" मी "नाही" म्हटलं आणि लाइन तुटली. तुम्ही दोघं हसत होता, एवढं मला शेवटी ऐकू आलं. गाडी क्लच प्लेटसाठी गुरुवारपर्यंत वर्कशॉपमध्ये आहे, म्हणजे माझ्या हाती चार दिवस आहेत. तेवढ्यात राहिलेलं उत्तर लिहून काढते. मराठीत लिहिते, कारण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर मलाच ओळखू येणार नाहीत.

मी सव्वीस वर्षं लष्करी रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर होते आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. ईशान्येकडच्या एका फील्ड हॉस्पिटलमध्ये माझं तीन वर्षांचं पोस्टिंग होतं. तिथला रस्ता वर्षातले पाच महिने चिखलात असे. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरबरोबर पुढच्या सीटवर बसून मी फोर-लो हा सर्वांत हळू, ताकदीचा गिअर केव्हा लावायचा, टायरची हवा किती कमी करायची आणि ब्रेकला पाय कधी लावायचा नाही, हे शिकले. तिथला नियम होता की आधी उतरून चालत जायचं आणि मगच गाडी न्यायची. तो मी आजही पाळते.

तुमचे आजोबा गेले त्यानंतर दुसऱ्या वर्षी, सहासष्टाव्या वर्षी, मी ही गाडी घेतली. आसगावात दोन दिवस तीच चर्चा होती. तिसऱ्या दिवशी सकाळी हवालदार डोमाजी फाटकाशी येऊन उभा राहिला. तोही रिटायर्ड, फौजेत बावीस वर्षं एमटी, म्हणजे लष्करी वाहनांचा, ड्रायव्हर. त्याने गाडीला एक फेरी मारली, वाकून ॲक्सल पाहिला आणि सॅल्यूट केला. मला की गाडीला, ते कळलं नाही.

"गाडी भारी आहे, मॅडम. पण चालवान कुठं जी? घरून बाजार अन् बाजारून घर?"

प्रश्न बरोबर होता. चारही चाकं फिरवणारी गाडी घेणं सोपं असतं. ती कायद्याने कुठे फिरवता येते, हे शोधणं कठीण. जंगलात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही. तलावाच्या पाळीवर गाडी घातली की पाळ खचते. शेत ज्याचं त्याचं असतं. उरते ती पांधण. बैलबंड्या शेतात जायच्या त्या जुन्या वाटेला इकडे पांधण म्हणतात. ती गावनकाशावर असते आणि सगळ्यांची असते. बंड्या कमी झाल्या तशा कितीतरी पांधणी काटेरी झुडपांखाली गेल्या. काही शेजारच्या बांधीत मिसळल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं धानाचं शेत.

मी तलाठ्याकडून तीन गावांचे नकाशे रीतसर काढले. त्या हिवाळ्यात आमचं वेळापत्रक ठरलेलं होतं. सव्वासहाला फर्स्ट परेड, म्हणजे गाडीचं तेल, पाणी, हवा, पट्टे. साडेसहाला कूच. डोमाजी काठी घेऊन पुढे चालायचा आणि मी मागून गाडी आणायची. दोघांकडे परवाना न लागणारे छोटे वॉकी-टॉकी होते. डोमाजीला ते इतके आवडले की घरी जेवतानासुद्धा तो "भाजी वाढ, ओव्हर" म्हणायचा, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती.

फेब्रुवारीत आम्ही तीन पांधणी जोडून नऊ किलोमीटरची वाट तयार केली. ती आसगावहून निघून धिवरांच्या टोलीमागच्या, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीमागच्या, तलावावर उतरते. फक्त एका जागी अडचण होती. सहाव्या किलोमीटरला तिथले शेतकरी मनिरामभाऊ यांनी पांधण आपल्या बांधीत घेतली होती. नकाशा माझ्या बाजूने होता.

इथे मी चूक केली. फौजेत अडचण आली की कागद जातो. मी मनिरामभाऊंना पत्र लिहिलं: विषय, संदर्भ, नकाशाची प्रत, पंधरा दिवसांत खुलासा करावा, प्रत माहितीसाठी तहसील. डोमाजीने ते नेऊन दिलं आणि पोच घेऊन आला. आम्हा दोघांनाही यात काही वावगं दिसलं नाही. गावात अशा वेळी माणूस उठून शेजाऱ्याच्या अंगणात जातो, चहा पितो आणि धानाबद्दल विचारतो. पांधणीचा विषय चहा संपल्यावर निघतो. हे तुमच्या आजोबांना माहीत होतं. मला नव्हतं, कारण इथे राहायला येईपर्यंत मी गावात फक्त सुटीला आले होते. मनिरामभाऊंनी खुलासा दिला नाही. बाजारात समोर आले की ते बाजू बदलून चालू लागले.

आता ऑगस्टची सकाळ. आठवडाभर पाऊस होता. त्या दिवशी उघडला होता, पण नाले भरून वाहत होते.

सकाळी ९:४० ला फाटकाशी एक पिकअप थांबली. तिच्यातून टोलीच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष शेवंताबाई उतरल्या. पिकअपमध्ये मत्स्यबीजाच्या बारा पिशव्या होत्या. रोहू, कतला आणि मिरगलची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन भरून तोंड बांधलेलं. पॅकिंग सकाळी सहाचं. हॅचरीवाल्याने बारापर्यंतची खात्री दिली होती. आणि टोलीच्या रस्त्यावरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, कमरेएवढ्या पाण्याखाली होता.

"मेजरबाई, तुमची गाडी पाण्यात चालते म्हणतेत. खरं का जी?"

"पाण्यात नाही. चिखलात चालते."

"मंग चिखलातून चला."

मागच्या वर्षी तलाव अर्धाच भरला होता, म्हणून सोसायटीने बीज टाकलंच नव्हतं. यंदा तलाव काठोकाठ होता. हे बीज मेलं तर हॅचरीकडे या हंगामात दुसरं नव्हतं. टोलीतली सव्वीस घरं त्या एका तलावावर जाळं टाकतात. शेवंताबाईंनी हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि पिशव्यांवरची ताडपत्री सारखी केली.

पिकअपचा ड्रायव्हर म्हणाला, "जंगलातून चारच किलोमीटर आहे. गेटाले साखळीच तर आहे. आज कोन पाहून राहिलं जी?"

"मॅडम पाहून राहिल्या ना," डोमाजी म्हणाला.

मी वनखात्याच्या बीटगार्डला फोन लावला. तो म्हणाला, "पावसाळ्यात बंद आहे, मॅडम. मले उघडता येत नाही." त्याचं बरोबर होतं. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

मागची सीट काढून पिशव्या गाडीत उभ्या रचल्या. शेवंताबाई त्यांच्या मधोमध मांडी घालून बसल्या, दोन्ही हात पसरून, कोंबडी पिल्लांवर बसते तशा. टायरची हवा अठरावर आणली. ९:५८ ला निघालो.

ही वाट आम्ही उन्हाळ्यात, बांध्या रिकाम्या असताना, चार वेळा केली होती, पावसात एकदाही नाही. पहिले पाच किलोमीटर ठीक गेले. एका नाल्यावर डोमाजी उतरून पाण्यात शिरला.

"डोमाजी, रिपोर्ट. ओव्हर."

"पाणी गुडघ्याले. खाली मुरूम लागून राहिला. या. ओव्हर."

"वेग किती? ओव्हर."

"वरातीचा. ओव्हर."

मी वरातीच्या वेगाने नाला ओलांडला. मागून शेवंताबाई म्हणाल्या, "मेजरबाई, हादरा नका देऊ, वरमाय मागं बसून आहे."

१०:४५ ला मनिरामभाऊंची बांधी आली. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, नुकतीच झाली होती. आमच्या पांधणीवर धान डोलत होतं. नकाशा डॅशबोर्डमध्ये होता, शिक्क्यासह. कायद्याने ती वाट होती आणि मी त्यावरून जाऊ शकत होते. मी इंजिन बंद केलं.

"काहून थांबल्या जी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"विचारून येते."

मनिरामभाऊ पलीकडच्या धुऱ्यावर पाणी बांधत होते. मी चप्पल हातात घेऊन तिथपर्यंत गेले. त्यांनी फावडं थांबवलं नाही.

"पत्र आणलं का?"

"नाही."

"तुमचं मागचं पत्र माह्या घरी भिंतीवर लावून आहे. पोरीच्या सासरचे आले तर वाचतेत. खुलासा करावा म्हने! मी का गुन्हेगार हाओ?"

"पत्र लिहायला नको होतं, भाऊ. मी तुमच्याकडे यायला हवं होतं. माझं चुकलं."

त्यांनी आता फावडं टेकवलं. मी गाडीत काय आहे ते सांगितलं आणि पुढे म्हटलं, "तुम्ही नाही म्हटलंत तर मी परत फिरेन."

ते गाडीपर्यंत आले आणि काचेतून आत डोकावले.

"कोन, शेवंता का?"

"हव, मीच. पाहून काय राहिला? माशे मरतीन नाई तं."

"मरू दे. दर वर्षी वायदा करतेस, पोळ्याले मासा पाठवतो म्हणून. एकदा तरी पाठवला का?"

"पोळ्याले कोनी मासा खाते का रे!"

"दुसऱ्या दिवशी पाठवाव!"

मग त्यांनी बायकोला हाक मारली. दोघांनी वाकून माझ्या चाकांच्या रेषेतलं रोप जुड्या-जुड्यांनी उपटलं आणि बाजूला पाण्यात ठेवलं, पुन्हा लावता यावं म्हणून. मनिरामभाऊंनी फावड्याने धुरा फोडला आणि बांधीतलं पाणी खाली सोडलं. ११:०५ ला मी फोर-लो टाकून आत शिरले. बरोबर मध्यावर मागचं डावं चाक रुतलं.

मी ॲक्सिलरेटर सोडला. फिरवत राहिलं की चाक आणखी खाली जातं. डोमाजी चाकाशी बसून हाताने चिखल काढू लागला. मनिरामभाऊ तणसाचे दोन भारे घेऊन आले. तणस म्हणजे धान झोडल्यावर उरतं ते काड. ते चाकाखाली कोंबलं.

"मॅडम, सेकंडले. हळू. ब्रेक नाई."

"माहीत आहे, डोमाजी."

"माहीत आहे तं येऊ द्या ना जी!"

हवालदाराने मेजरला असं झापलेलं मी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. गाडी आली. ११:२४. डोमाजी डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखला होता आणि हसत होता. मनिरामभाऊ आता फूटबोर्डवर चढले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी उतरवलंही नाही.

११:४६ ला तलाव. टोलीची माणसं वाटेच्या तोंडाशी उभी होती. पिशव्या हातोहात काठावर गेल्या. काही पिल्लं वर येऊन तोंड उघडत होती. मी बॅगेतली कात्री काढली.

"थांबा जी!" शेवंताबाईंनी माझा हात धरला. "आत्ताच सोडान तं झटका बसन. पाण्याले पाणी भेटू द्या अगोदर."

बंद पिशव्या तलावात तरंगत ठेवल्या. आतलं पाणी तलावाएवढं गार होईपर्यंत त्या उघडायच्या नसतात. मी आयुष्यभर मिनिटं मोजून माणसं सांभाळली, पण घड्याळ दिसत असताना हात बांधून उभं राहण्याची ती पंधरा मिनिटं मला जड गेली. १२:०० झाले. शेवंताबाई एकेका पिशवीखाली हात घालून पाहत होत्या. १२:०४ ला त्यांनी मान हलवली.

पहिली पिशवी उघडून तिरकी केली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पिल्लं एका पाठोपाठ एक बाहेर पडली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. अकरा पिशव्या तशा गेल्या. बारावी प्रवासात कुठेतरी गळली होती, तिच्यातलं कोणी वाचलं नाही. शेवंताबाईंनी ती पिशवी स्वतः बाजूला नेली आणि पाळीखाली खड्डा करून रिकामी केली. मग कोणीतरी चहा आणला.

दिवाळीनंतर मनिरामभाऊंनी धान कापलं आणि आपला धुरा मागे घेतला, एक बंडी आरामात जाईल इतका. मी पत्र लिहिलं नव्हतं. त्यांच्या अंगणात तीनदा चहा प्यायले होते, आणि तीनही वेळा फक्त धानाबद्दल बोलले होते. डोमाजीने चुना कालवला आणि त्याने व मनिरामभाऊंनी मिळून पांधणीच्या कडेने चुना फासलेले दगड लावले, म्हणजे पाण्यातही वाट दिसावी. सहा दिवस काम चाललं. मला त्यांनी फक्त चहा आणि सूचना पुरवू दिल्या, त्यातल्या सूचना त्यांनी घेतल्या नाहीत.

जानेवारीत एका पहाटे डोमाजी झोपेतच गेला. वय एकाहत्तर. आदल्या दिवशी आम्ही सव्वासहाची फर्स्ट परेड बरोबर केली होती आणि त्याला फॅन बेल्ट सैल वाटला होता. तो होताही सैल. त्याच्या घरी मी युनिफॉर्मवरची पदकं लावून गेले. शेवंताबाई टोलीतल्या सगळ्या बायकांना घेऊन पांधणीने चालत आल्या. मनिरामभाऊ तिरडीच्या पुढच्या खांद्याला होते. डोमाजीचा वॉकी-टॉकी त्याच्या बायकोने ठेवून घेतला आहे. मी मागितला नाही.

आता मी एकटीच पुढे चालते, मग परत येऊन गाडी नेते. वेळ दुप्पट लागतो. तर अर्णव, तुझं उत्तर हे की मी जंगलात जात नाही, पांधणीने जाते, आणि जिथे कोणाचं शेत लागतं तिथे उतरून विचारते.

डोमाजीने मनिरामभाऊंसोबत बावीस दगड लावले होते. दोन पावसाळे झाले. परवा मी चालत जाऊन मोजले. एकोणीस अजून जागेवर आहेत.

तुमची,
आजी