एका टिपाडात दोन पुड्या

"हिच्या तोंडून शब्द निघतो का गं कधी?" पेठ तालुक्यातून आलेल्या एका मजूर बाईने दुसरीला विचारलं.

"इंग्लिशमधी शिकली ना, मराठी संपली आसंल."

दोघी हसल्या. मी पाण्याच्या टिपाडाशेजारी प्लास्टिकचे मग धूत होते. ऐकू न आल्यासारखं केलं.

त्या सकाळी आमच्या द्राक्षाच्या घडांना जीए, म्हणजे मणी फुगवणारं संजीवक, द्यायचं होतं. मणी ज्वारीएवढे झाले होते. परागीभवनानंतर फळात बी धरू लागतं आणि ते बीच संजीवक तयार करून मण्याला फुगवतं, हे मी कॉलेजात शिकले होते. आमच्या बिनबियांच्या जातीत ते बी कोवळं असतानाच मरतं. म्हणून संजीवक बाहेरून द्यायचं: पाण्यात कालवायचं, मगात घ्यायचं, एकेक घड बुडवायचा. पण बेतानं. जास्त झालं की देठ ताठरतात, मणी गळतात, पुढच्या वर्षीही वेलीला घड कमी लागतात.

पप्पा आणि काका दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाग मात्र एकच. "पप्पांना सांग, मोटर बंद करा," काका मला म्हणायचे, तेव्हा पप्पा चार हातांवरच उभे असायचे.

एका टिपाडाला जीएची एक पुडी, हे माप घरात सगळ्यांना पाठ होतं. काकांनी पुडी स्पिरिटमध्ये विरघळवून टिपाडात ओतली आणि ते बायकांना ओळी दाखवायला गेले. थोड्या वेळाने पप्पा आले. त्यांनीही एक पुडी फोडली, विरघळवली, ओतली, काठीने ढवळलं. मला काही विचारलं नाही. मला वाटलं, आज माप वाढवलं असेल. मग आठवलं, वाढवायचं ठरवणार कसं? त्यासाठी बोलावं लागतं, आणि ते माझ्यामार्फत.

सांगितलं तर सगळ्यांदेखत चूक कोणाची यावरून जुंपणार होती. माझे हात मगातच राहिले.

बायकांनी आपापले मग भरून घेतले. काका ओळीच्या या टोकाला, पप्पा त्या टोकाला. मघाशी हसलेल्या बाईने पहिला घड डाव्या हाताने धरला आणि उजव्या हातातला मग वर उचलला.

"थांबा मावशी, बुडवू नका! पप्पा, काका, तुम्ही दोघांनीही पुडी टाकलीये. मी बघितलंय. हे टिपाड ओतून द्यावं लागेल."