पिशवी नसलेली बाई

वलगावच्या फुलशेती करणाऱ्या घरात सत्यवती सून म्हणून आली. तिला पाळी कधी आलीच नव्हती. आईने ते झाकून लग्न उरकलं होतं. वर्षभरात सासूच्या, पार्बताबाईच्या, ध्यानात आलं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं, गर्भपिशवी जन्मतःच नाही, बाकी नवराबायकोच्या संसाराला काही अडचण नाही.

ते बाकीचं कोणी ऐकलंच नाही. परतीच्या वाटेवर मोटरसायकल थांबवून नवरा भगवंत मात्र म्हणाला, "मले तं तूच पायजे."

पण मुलासाठी आईने धरलेल्या हट्टापुढे पुढच्याच उन्हाळ्यात त्याने रागिणी नावाच्या मुलीशी देवळात गुपचूप दुसरं लग्न लावलं. हार सत्यवतीलाच गुंफावे लागले. तिची खाट फुलं ठेवायच्या टिनाच्या खोलीत गेली.

भगवंत दुपारचा तिथे येई. सत्यवती कडी लावत नसे. तिला तो हवा असे, आणि हवा असण्याची लाजही तिने हळूहळू सोडून दिली. सगळं हिरावलं तरी एवढं आपलं उरलं, असं तिला वाटे.

एकदा पार्बताबाईने दार ढकललं.

"पिशवी नाही पोटात, अन् हे कायले पायजे वं तुले?"

सत्यवतीने भगवंताकडे पाहिलं. शर्टाची बटनं लावत तो म्हणाला, "मी काहून येतो इथं? तिनंच बोलावलं मले."

सासूच्या शिव्या तिने पचवल्या होत्या. हे पचलं नाही. सकाळच्या पहिल्या बसने ती अमरावतीला आली, खोली घेतली आणि फुलबाजारात बसू लागली.

रागिणीला मुलगा झाला, त्यानंतर काही महिन्यांनी भगवंत बाजारात सत्यवतीसमोर येऊन उभा राहिला.

"घरी चाल. माय थकली, रागिणी वावरात असते. लेकरू सांभाळाले कोणी नाही. तुयीबी हौस होईन."

"माह्यी हौस काय होती, तुमाले माहीत नाही?"

तो दचकला. "हळू बोल. लोक आयकून राहिले."

"आयकू द्या. मी येत नाही."

तो गेला तशी ती पदर तोंडाला लावून रडली. शेजारी गुलाब विकणारी केशरबाई आपला चहा तिच्यापुढे सारत म्हणाली, "नोको रडू, बाई. लेकरू नसन तं बाईचा जीव तुटतेच."

लेकरासाठी सत्यवती एकदाही रडली नव्हती. पण असल्या माणसाचा हात अजून अंगाला आठवतो, हे भरबाजारात कोणाला सांगायचं?

"हो ना, मावशी," ती म्हणाली आणि चहा प्यायली.