पेशवाई पुसली तेव्हा

खराडीच्या ऑफिसात कोणी डबा उघडला आणि मेथीचा वास आला, की मला वेबसाइटसाठी केलेलं माझं पहिलं लिखाण आठवतं. हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत मी नवा होतो, नोकरी अजून कच्ची होती आणि डबे पोचवणाऱ्या एका खानावळीची वेबसाइट लिहायची होती. मी थेट पेशवाईतल्या पंगतींपासून सुरुवात केली. वाटलं, संपादक मॅडम वाचून गहिवरतील.

मॅडम माउसचं चाक फिरवत राहिल्या. "अहो, पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेलेसुद्धा. डबा कधी येणार? वाचणारा भुकेला आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नीट करा, नाहीतर आपण दुसरी नोकरी बघा."

मी इरेला पेटलो. अख्खी पेशवाई पुसली. पहिल्या ओळीत डब्यात काय मिळतं ते लिहिलं, दुसरीत कुठे पोचतो आणि लगेच फोन नंबर. तेव्हा तो अपमान वाटला होता. आज नव्या मुलांना मी तेवढंच शिकवतो.

सुट्टीच्या आधी मॅडमनी पान पाहिलं. टेबलावरचा फोन उचलून त्यांनी स्क्रीनवरचा नंबर लावला आणि म्हणाल्या, "उद्यापासून एक डबा पाठवा. हिंजवडीला."