हॅनाने फोडलेली खिडकी

माझ्या सासूबाई इंग्रज. निवृत्त झाल्यापासून त्या आपल्या खापरपणजीला, हॅनाला, जुन्या कागदपत्रांत शोधताहेत, आणि लायब्ररीत त्यांच्या शेजारी बसून माझं डोकं उठतं. प्रत्येक जनगणनेत हॅनाचं आडनाव वेगळं. एकीत ती कपडे धुणारी, पुढचीत धंद्याच्या रकान्यात नुसती रेघ. वयाचा तर मेळच नाही.

"बाई गं, एकदा तरी नीट सांगायचंस," मी वैतागून म्हणाले.

"तिला कोणी नीट विचारलं असेल का?" सासूबाई म्हणाल्या.

पुढे ती वर्कहाउसच्या नोंदीत सापडली. निराधारांकडून काम करून घेऊन त्यांना खायला घालणारी ती जागा. तिथे आईला एकीकडे ठेवत आणि मुलांना भिंतीपलीकडे.

काल एका जुन्या वर्तमानपत्रात चार ओळी मिळाल्या. हॅनाने वर्कहाउसची खिडकी फोडली होती. का, असं विचारल्यावर ती न्यायाधीशाला म्हणाली, "पलीकडे माझा मुलगा खोकत होता. त्याला हाक मारायची होती." त्यापुढे कंसात छापलं होतं, हशा. मग शिक्षा.

जिचं नाव कुणाला धड लिहिता आलं नाही, तिच्यावर हसलेलं मात्र नेमकं टिपून ठेवलं!

सासूबाईंनी चष्मा काढला. "कोण हसलं?" त्यांनी मोठ्यांदा विचारलं. वाचत बसलेली माणसं वळून बघू लागली. एरवी मी त्यांना हळू बोलायला सांगितलं असतं. काल मीही तितक्याच जोरात विचारलं, "हो, हसलं कोण?"